पेटी, वायर आणि मागचा बाक

माझी पेटी मेली आहे, असं मला बालाघाटातल्या बऱ्याच लोकांनी सांगितलं. सांगताना त्यातल्या प्रत्येकाचा अंगठा तिच्या जिवंत टिंबांवर होता.

त्यांचा दोष इतकाच, की त्यांना डोळे आहेत. हनुमान चौकाजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं पेटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, चार बटणं दाबली आणि म्हणाला, "मॅडम, इसमें तो डिस्प्ले ही नहीं आ रहा. डेड है." डिस्प्ले येणार कुठून? तिला पडदाच नाही. जिनं ती वापरायची ती बाई पडद्याकडे बघणार नाही, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. पडद्याच्या जागी बारीक भोकांची एक ओळ आहे. त्या भोकांतून टिंबं वर येतात, ती ब्रेलची अक्षरं. ओळ वाचून झाली की बटण दाबायचं. जुनी टिंबं खाली बसतात, नवी उठतात, आणि तेव्हा हलकी खसखस होते. दुरुस्तीवाल्याच्या हातात असतानाही ती खसखस मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येत होती. मी पेटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "भैया, ये ज़िंदा है. आप बस बताइए, सीरियल से यूएसबी का कन्वर्टर है क्या?"

मी जन्मापासून पाहत नाही. बालाघाटातल्या एका सरकारी शाळेत अकरावी-बारावीला इतिहास शिकवते, हिंदीतून. घरी आम्ही मराठी. वडील सरकारी नोकरीत होते, मोठा भाऊ भरवेलीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता, आता रिटायर झाला. मी त्याच्याच घरी राहते. त्याची मुलं आपसात हिंदी बोलतात आणि माझ्याशी बोलताना अडखळत मराठीत येतात. मला वाचायला लागतं ते दोन्ही भाषांत आणि दिवसभर. वाचायला मिळालं नाही तर माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पेटी मला नागपूरला एम.ए. करताना एका संस्थेनं दिली. दोन हातांत मावते, मांडीवर बसते, पिशवीत जाते. तिच्यात स्वतःची थोडी मेमरी आहे, मी वर्गाचे मुद्दे तिच्यातच लिहिते. पण तिचा खरा उपयोग कॉम्प्युटरला जोडल्यावर. जोडली की पडद्यावर जी ओळ असेल तीच माझ्या बोटांखाली उठते. जोडायची वायर जुन्या पद्धतीची, म्हणजे सीरियलची. रुंद तोंड, दोन ओळींत नऊ पिना, दोन्ही बाजूंना आवळायचे स्क्रू. शाळेत एक जुना कॉम्प्युटर होता, त्याच्या पाठीला तसलं तोंड होतं. त्या कॉम्प्युटरला स्टाफरूममध्ये सगळे डबडं म्हणायचे. मी म्हणत नसे. माझी सगळी नोकरी त्याच्या पाठीवर स्क्रू आवळून झाली होती.

मग शाळेत नवे लॅपटॉप आले, आणि ते डबडं एका सकाळी भंगाराच्या खोलीत गेलं. पाठोपाठ नवी पद्धतही आली. धडा आता कॉम्प्युटरवर येणार, भिंतीवर मोठा दिसणार, आणि शिक्षकानं ओळीमागून ओळ तो पुढे न्यायचा. मी नव्या लॅपटॉपच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. चपटी चपटी यूएसबीची तोंडं, आणखी काही नाही. माझ्या वायरला जागा नव्हती.

आमचे प्राचार्य वारासिवनीचे. रोज तिकडूनच येतात. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलणार नाही. त्यांनी मला खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि मऊ आवाजात सुरू केलं. मऊ आवाज आला की मी सावध होते. लोक माझ्याशी मऊ बोलतात तेव्हा माझ्याकडून काहीतरी काढून घेणार असतात.

"मॅडम, तुम्ही कायले त्रास घेऊन राह्यल्या? बारावी दुसऱ्या कोणाले देऊन टाकू. तुम्ही लायब्ररी सांभाळा. आरामाचं काम आहे."

मी विचारलं, "सर, मी आराम मागतला होता काय?"

"तसं नाई हो. पण आता डिजिटल आहे. स्क्रीनवर काय चालू आहे ते तुम्हाले कसं समजन?"

"माझी पेटी लॅपटॉपले जोडली की समजते."

"ते जुनं खटारा? त्याले कोण जोडन आता? लॅपटॉप बोलते न. हेडफोन लावा, ऐकत जा, तसंच शिकवा."

हे हेडफोनचं मला सगळेच सांगत होते. भावानं तर फोन काढून समोर धरला. "हे घे, हे सगळं वाचून दाखवते. तू त्या पेटीले काहून कवटाळून बसली?" आता काही गोष्टी नीट समजावून सांगाव्या लागतात, आणि त्याच त्या गोष्टी सांगून माझं तोंड दुखतं. बोलणारा कॉम्प्युटर मी रोज वापरते. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण वर्गात मी काय करते? डावा हात पेटीवर असतो, बोट धड्यात असतं, तोंड शिकवत असतं, आणि कान पूर्ण मोकळे असतात. खिडकीजवळची मुलगी कंटाळली की तिची बांगडी बाकावर टकटक करते. कोणाला कळलं नाही की वहीचं पान उलटायला उशीर होतो. तिसऱ्या रांगेत कुजबुज सुरू झाली की मी आवाज न चढवता प्रश्न तिकडेच फेकते. पोरं म्हणतात, मॅडमला पाठीलाही कान आहेत. त्या कानांत जर एक मशीन सतत बडबडत ठेवलं, तर माझा वर्ग गेला. मी बोलत राहीन, पोरं आपापल्या उद्योगाला लागतील, आणि मला पत्ताही लागणार नाही. हेडफोन लावून शिकवा, असं मला सांगणारा माणूस दुसऱ्या मास्तरला कधी सांगतो का, की डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवा?

आणि वर्ग सोडला तरी एक गोष्ट राहतेच. मला मनातल्या मनात वाचायचं असतं. फोन वाचून दाखवतो ते आजूबाजूचे सगळे ऐकतात आणि वर सांगतात, मॅडम, जरा परत लावा, मजेदार होतं. माझ्या वाचनात घरादारानं काय म्हणून सामील व्हावं?

प्राचार्यांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. मी एवढंच म्हणाले, "सर, नवं सत्र सुरू व्हायच्या आधी पेटी जोडून दाखवते. नाही जोडली तर लायब्ररीची चावी द्या मले."

"आता तुमची मर्जी," ते म्हणाले. चहा मी तसाच ठेवून आले.

बाजारात मी आणि भाऊ त्याच्या मोटरसायकलवरून हिंडलो. उन्हाळ्याचे दिवस, रस्त्यावर मँगनीजच्या ट्रकांची धूळ, आणि मी मागे पेटी पोटाशी धरून बसलेली. एका मोठ्या दुकानात सेल्समननं छातीठोक सांगितलं की सीरियलची वायर म्हणजे हीच, पुरानी वाली, आणि माझ्या हातात एक जाड वायर दिली. मी तोंडावरून बोट फिरवलं. भोकांच्या तीन ओळी होत्या. माझी दोन ओळींची.

"भैया, ये तो मॉनिटर का है."

"आपको कैसे पता?"

"पढ़ के," मी म्हणाले.

भाऊ बाहेर येऊन हसत सुटला, मी मात्र हसले नाही. मला वायर पाहिजे होती. आणखी दोन-तीन दुकानांत "मॅडम, अब ये कौन चलाता है" हे उत्तर मिळालं. मी चालवते, हे सांगून मी प्रत्येक ठिकाणची पायरी उतरले. नवी ब्रेलची पेटी यूएसबीवाली मिळते, हे मलाही माहीत आहे. तिच्या किमतीत लोक सेकंडहँड कार घेतात. पण किंमत हे कारण मी कोणाला सांगत नव्हते, कारण सांगितलं की लगेच वर्गणीची भाषा सुरू होते. चालणारी वस्तू मी काय म्हणून फेकू? तिच्यात काय बिघडलं? बिघडलं ते कॉम्प्युटरचं, त्याला माझ्या वायरचं तोंड उरलं नाही.

शेवटी बस स्टँडकडच्या एका लहान दुकानात कन्व्हर्टर मिळाला. एका बाजूला नऊ पिना, दुसऱ्या बाजूला यूएसबी, मध्ये वीतभर वायर. बोटांनी तपासला, दोनच ओळी होत्या. घरी येऊन पेटीची वायर त्याला लावली, स्क्रू आवळले, तो शाळेतून घरी आणलेल्या लॅपटॉपमध्ये घातला. लॅपटॉपनं टुण्‌ केलं. काहीतरी लागलं आहे, एवढं त्याला कळलं होतं. पेटी मात्र गप्प. टिंबं जिथल्या तिथं. मी लॅपटॉपला बोलतं करून त्याच्या पोटात शिरले, एकेक यादी ऐकत गेले, तेव्हा कळलं, की या कन्व्हर्टरमधली चिप नकली आहे. नवा कॉम्प्युटर तिला ओळखतो आणि ओळखूनच नाकारतो. दुकानदाराला जाऊन सांगितलं तर म्हणाला, चिप के बारे में तो हमको भी नहीं मालूम. ते खरं असावं, तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. पण त्यानं कन्व्हर्टर परत मात्र घेतला नाही.

दरम्यान शाळेत माझी बारावी कोणाला द्यायची, याची चर्चा सुरू झाली होती. मला बघून थांबायची. लोकांना वाटतं मला दिसत नाही म्हणजे थांबलेलं ऐकूही येत नाही. एक मॅडम, मनानं चांगल्या, मला म्हणाल्या, "जाऊ द्या न ताई, कायले जिद्द करता? लायब्ररीत पंखा चांगला आहे." मी त्यांना विचारलं, "लायब्ररी तुमाले द्यायला सांगू काय मग?" पंखा चांगला असेलही. पण लायब्ररीतलं एकही पुस्तक मला वाचता येत नाही, सगळी छापील. चांगल्या पंख्याखाली न वाचता येणाऱ्या पुस्तकांची राखण करायची, आणि त्याला आराम म्हणायचं.

दुसरा कन्व्हर्टर नागपूरहून आला. भाचा, म्हणजे बहिणीचा मुलगा, गोंदियामार्गे यायचा होता. त्याला मी फोनवर इतकं बारीक सांगितलं की तो वैतागून म्हणाला, मावशी, तूच ये. पण आणला बरोबर, चांगल्या चिपचा. रविवारची दुपार होती. वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, भाऊ कूलरसमोर आडवा. मी वायर लावली, टुण्‌ झालं, आणि या वेळी लॅपटॉपनं तिला नाकारलं नाही. पेटी तरीही गप्प.

"आता तरी सोड," भाऊ म्हणाला. "मी येतो तुझ्यासंगं, दोघं मिळून नवी पाहू."

"तू खाणीत पंप बंद पडला की नवा पाहत होता काय?"

"पंपाचं येगळं."

"काहून येगळं? पंपाच्या भरवशावर खाण होती, याच्या भरवशावर मी आहो."

तो उठून बसला. पुन्हा आडवा झाला नाही. कूलरचं तोंड माझ्याकडे वळवल्याचं मला वाऱ्यावरून कळलं.

कॉम्प्युटर आपल्या प्रत्येक दाराला, म्हणजे पोर्टला, नंबर देतो. पेटीची भाषा येणारा जो प्रोग्राम आहे, तो जुना आहे, आणि तो पेटीला पहिल्या चार दारांवरच शोधतो. चारही दारं वाजवून कोणी नाही म्हटलं की घरी जातो. नव्या कन्व्हर्टरनं चारच्या पुढचा कुठला तरी नंबर घेतला होता. म्हणजे पेटी दाराशी उभी, प्रोग्राम तिला शोधतोय, आणि दोघं वेगवेगळ्या दारांशी. हे कोणी मला सांगितलं नाही. पोर्टच्या यादीत तो नंबर ऐकला, मग पूर्वीच्या कॉम्प्युटरवर काय नंबर असायचा ते आठवलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदलला, दोन केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. डावा हात पेटीवर ठेवला.

खसखस झाली.

अख्खी ओळ बोटाखाली उठली. पहिले शब्द होते, रीसायकल बिन. सगळ्या शहरानं ज्या कचरापेटीत तिला टाकायला सांगितलं, तिचंच नाव तिनं आधी वाचून दाखवलं. मी रडले. आनंदानं रडले असं म्हणायला छान वाटेल, पण त्यात निम्म्याहून जास्त राग होता. वहिनी तांदळाचं ताट तसंच हातात घेऊन आली आणि विचारलं, काय झालं. भाऊ म्हणाला, "लागली. तिची पेटी लागली." मी लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसले. काय वाचलं ते कोणालाही सांगितलं नाही.

सत्र सुरू व्हायच्या आधी मी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन पेटी जोडून दाखवली. त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी उघडलं, मी वाचून दाखवलं. ते "वा वा" म्हणाले. त्या वा वा मध्ये मला शंका ऐकू आली, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

"तुमाले तर सगळं तोंडपाठच असन, मॅडम. इतके वर्ष शिकवून राह्यल्या."

"तोंडपाठ असतं तर मी गर्मीत वायर शोधत हिंडली असती काय?"

"हौ, तेही आहे," ते म्हणाले. बारावी माझ्याकडे राहिली. सध्या तरी, असं त्यांनी वरून जोडलं. ते सध्या तरी मी बरोबर घेऊन वर्गावर गेले.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी अठराशे सत्तावनचा धडा काढायला सांगितला होता. लॅपटॉप लावून द्यायला कॉम्प्युटरचे सर आले होते. ते धडा उघडून घाईघाईनं गेले. मी पेटीचे स्क्रू आवळले, आवाज बंद आहे ना ते बघितलं आणि ओळीवर बोट ठेवलं. सत्तावन नव्हतं. हडप्पा होतं, विटा आणि गटारं. पोरं भिंतीकडे बघून चुळबुळ करायला लागली. चुकून उघडलं असेल, असं क्षणभर वाटलं. मग कळलं, की मला तोंडपाठ आहे की नाही ते बघायचं आहे कोणालातरी. डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ठीक आहे, हडप्पा तर हडप्पा. ओळ वाचली, समजावली, बटण दाबलं, पुढची ओळ.

भट्टीत भाजलेल्या विटांवर मी बोलत होते तेव्हा दार जरासं सरकलं. कोणीतरी आत आलं. पावलं हलकी, मोज्यांतली, फरशीवर घासत गेलेली. बूट बाहेर काढले होते. वर्ग एकदम शहाण्यासारखा ताठ झाला, आणि माझा वर्ग उगीच ताठ होत नाही. मग अगदी मागून करकर आली. आमच्या वर्गातला शेवटचा बाक एका पायानं आखूड आहे. बसलं की डुलतो आणि ओरडतो. पोरांना हे पहिल्याच दिवशी कळतं, म्हणून त्यावर कोणी बसत नाही. नवा माणूसच फसतो. पाठोपाठ सुपारीचा वास आला, वारासिवनीहून रोज येणारा.

मी थांबले नाही. बोट ओळीवरून सरकत राहिलं. गटारांवर झाकणं कशी होती, ती किती अंतरावर उघडता यायची, ते वाचलं, पोरांना हिंदीतून समजावलं, खिडकीजवळच्या मुलीला एक प्रश्न विचारला, तिचं उत्तर दुरुस्त केलं. बाक पुन्हा करकरला. बसणारा अवघडून बसला होता. ओळ संपली, बटण दाबलं, खसखस झाली, आणि त्या खसखशीसोबतच मी मान न वळवता मराठीत म्हणाले, "सर, तो बाक हालते. पुढं येऊन बसा. अन् बूट घालून या, बाहेरून कुत्रे घेऊन जातात."

मग मागून कोणीतरी फुसकन हसलं आणि पाठोपाठ सगळा वर्ग हसला. प्राचार्य उठले, मोज्यांनी दारापर्यंत गेले. बुटांची नाडी बांधताना त्यांच्या गुडघ्याचा आवाज झाला. माझं बोट तोवर पुढच्या ओळीवर गेलं होतं.